उजेडाचं कुंपण

लेकीने डबा माझ्या हातात दिला, तेव्हाच हिने कपाळाला हात लावला. "यांच्याकडे कशाला देतेस? यांना स्वतःचा चष्मा सांभाळता येत नाही."

डब्यात केळ्याच्या लगद्यावर फळमाश्यांच्या अळ्या वळवळत होत्या. प्रयोगशाळेतलं यंत्र बिघडलं आणि लेकीने इतकी वर्षं वाढवलेला पिवळ्या माश्यांचा सगळा वंश मेला. उरल्या त्या एवढ्याच. ती परगावचं काम उरकून येईपर्यंत त्यांना जगवायचं होतं.

"बाबा, जाळीचं झाकण काढायचं नाही. या गेल्या तर माझं सगळं काम गेलं."

मी आयुष्यभर मुद्रितं तपासली. छापलेल्या शब्दावर माझा पूर्ण विश्वास, स्वतःवर बेताचाच. ती गेली आणि झाकणाला आतून पाणी धरलं. जाळीची भोकं बुजली. बिचाऱ्या गुदमरल्या तर? कपाटातून कीटकांचं पुस्तक काढलं. अळी उपजतच उजेडापासून पळते, असं पानाच्या तळाशी स्वच्छ छापलं होतं. मी झाकण काढलं आणि डबा टेबलावरच्या दिव्याखाली ठेवला. अळ्या मुकाट्याने लगद्यात शिरल्या.

"तुरुंगाला दार नाही, नुसता दिवा?" हिने विचारलं.

"अगं, उजेडाचं कुंपण आहे ते. त्यांचा स्वभावच तसा."

"तुमच्यासारखाच म्हणायचा. दाराची घंटा वाजली की आतल्या खोलीत!"

पुढे काही दिवस एकही अळी काठावर आली नाही. मी हिच्यासमोरून जरा ताठ मानेने चालू लागलो. मग एका सकाळी पाहतो तर डब्यात नुसता लगदा.

"लावलेत ना दिवे?" ही म्हणाली.

घाईघाईने पुस्तकाचं पान उलटलं. पूर्ण वाढलेली अळी खाणं सोडते, उजेडाची भीतीही सोडते आणि कोष करायला कोरडी जागा शोधत निघते. मुद्रितं तपासताना पान संपलं की पेन्सिल खाली ठेवायची, ही माझी जुनी सवय. इथेही तळाशी थांबलो होतो.

कोष सापडले, पण कुठे! पुस्तकांच्या पाठींमागे, घड्याळाच्या खाली, हिच्या चपलेच्या पट्ट्यात. तिळाएवढे, तपकिरी, घट्ट चिकटलेले. मी नखाने एक सोडवायला गेलो.

"हात लावू नका! मोडेल तो." चपला तशाच उचलून हिने फळीवर ठेवल्या. "माशी झाल्यावर काय करतात, ते वाचलंत का? की तेही पान राहिलं?"

"उजेडाकडे जातात."

"हे आधी मलाच विचारायचं होतंत. माशी कधी अंधाऱ्या कोपऱ्यात डोकं आपटताना बघितलीत?"

हिने घरातले सगळे पडदे ओढले, फटींना जुन्या चादरी लावल्या. फक्त स्वयंपाकघरातली खिडकी उघडी ठेवली, म्हणजे काच बंद, पडदा बाजूला. खाली केळ्याची फोड. आम्ही चाचपडत जेवत होतो. एकदा माझ्या चहात मीठ पडलं. तो अंधाराचा दोष की हिचा, हे विचारायचा धीर झाला नाही.

आणि एका सकाळी ही ओरडली, "अहो, आली! पिवळीच आहे!" काचेवर एक इवलीशी माशी वरखाली करत होती. हिने पेला तिच्यावर पालथा घातला, खालून कागद सरकवला आणि तिला एका रिकाम्या बरणीत सोडलं. मग दुसरी आली, मग त्या येतच राहिल्या. बरणीचं झाकण लावायचं काम मात्र हिने स्वतःकडे ठेवलं.

घंटा वाजली तेव्हा माझे पाय सवयीने आतल्या खोलीकडे वळले.

"तुमची वाढ कधी पूर्ण व्हायची?" ही म्हणाली. "जा, बरणी घेऊन जा."

मी दार उघडलं. डोळे दिपले. दारात लेक होती, माझ्याकडे बघतच राहिली.

"बाबा, तुम्ही दार उघडलंत? आणि बरणी? माझा डबा कुठे आहे?"

मी बरणी पुढे केली. तिने ती उजेडात धरली. आतल्या माश्या लगबगीने उजेडाच्या बाजूला गेल्या. लेकीने बरणी छातीशी धरली.

"सुटल्या होत्या ना? कुणी पकडल्या?"

"तुझ्या आईने."

"आणि तुम्ही काय केलंत?"

"यांच्यामुळे," ही आतून म्हणाली, "आठवडाभर घरात अंधार होता."