दोन टेबलांमधला मजला

विमा कचेरीत नणंद दावे तपासायची आणि भावजय मंजूर करायची. टेबलं इतकी लागून, की एकीचं कोपर दुसरीच्या पेल्याला लागायचं. पण सासूबाईंच्या मागे त्यांचं शिलाई मशीन कुणी ठेवायचं यावरून दोघींचं बोलणं बंद झालं, तेव्हापासून कागद वरच्या मजल्यावरच्या साहेबांकडून फिरून येऊ लागला. लोक पैशांची वाट बघत बसायचे.

कामातला फापटपसारा काढायला एक बाई आल्या. त्यांनी एक दावा धरला आणि त्याच्या मागोमाग जिना चढून उतरल्या.

"हा वर कशाला जातो?"

भावजयीला वाटलं, घरचं भांडण आता चव्हाट्यावर येणार!

बाईंच्या मागून खाली आलेले साहेबच म्हणाले, "मी नुसती सही ठोकतो, बाई. या दोघींमधली भिंत आहे मी. मलाही सोडवा."

कुणीतरी खुदकन हसलं. नणंदेने कागद उचलला, क्षणभर तसाच धरला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला.

"घे. नीट वाच हं, घाई करू नकोस."

"तुमचं अक्षर घाई करू देईल तर ना, ताई! मुंग्यांची वरात नुसती."

नणंदेला हसू आवरेना. भावजयीने सही केली.

"ताई, मशीन घेऊन जा तुम्ही. मला कुठे शिवता येतं?"

"मला तरी कुठे येतं? आधी हा पुढचा दावा घे."