माफीचा फटका नको

मी एक जुना पटर आहे, आणि गोडगोड बोलणे मला येत नाही. गोल्फमध्ये चेंडू हिरवळीवर आला की त्याला हळूच ढकलून होलमध्ये पाडायचे, हे माझे काम. लांब फटके मारणाऱ्या काठ्यांना लोकरीच्या टोप्या घालतात. मला बॅगेत उलटा कोंबतात. मित्रांनो, जवळजवळ निम्मा खेळ माझ्यावर चालतो आणि मान मात्र त्यांना.

वितळलेले पोलाद साच्यात ओतून मला घडवले, मग घासून घासून माझे तोंड सपाट केले. पहिला मालक कंत्राटदार होता. एकदा जवळचा चेंडू चुकला, तर त्याने मला तळ्यात भिरकावले. चूक हातांची, शिक्षा मला. चिखलातून निघालो तो जुन्या काठ्यांच्या पिंपात जाऊन पडलो. तिथून मला चष्म्यांचे दुकान चालवणाऱ्या एका चष्मेवालीने उचलले. चष्मे पुसायच्या फडक्याने तिने माझे तोंड पुसले, एक डोळा मिटून माझ्या कडेवरून पाहिले आणि म्हणाली, "सरळ आहेस बाबा तू. वाकडं असेल ते माझंच."

दर रविवारी ती थोरल्या भावाबरोबर आणि त्याच्या वकील मित्राबरोबर खेळायची. माझा अपमान तिथेच सुरू झाला. चेंडू होलपासून हातभर राहिला की भाऊ म्हणायचा, "दिला." म्हणजे पाडू नकोस, पडला असे समजू. वकील भावाला द्यायचा, भाऊ वकिलाला, आणि दोघे मिळून चष्मेवालीला. खिशातले काही जात नव्हते, म्हणून दानशूरपणाला ऊत आला होता. मी हात लावेपर्यंत चेंडू उचललेला असायचा.

त्यामुळे तिघांचेही हँडिकॅप देखणे होते. ठरलेल्या फटक्यांपेक्षा खेळाडूला साधारण किती जास्त लागतात, त्याचा हा आकडा. जितका लहान, तितका खेळ चांगला. क्लबच्या फळ्यावर भावाचा बारा होता, हिचा सोळा. दोन्ही खोटे.

पुढच्या मोसमात क्लबच्या संघातली एक जागा रिकामी होणार होती. ती भावाला हवी होती आणि चष्मेवालीलाही. लहानपणापासून भाऊ खेळायचा आणि ही झुडपांत शिरून त्याचे चेंडू शोधायची. एकदा तरी तिला संघात उभे राहायचे होते. पण संघाच्या सामन्यात प्रत्येक चेंडू होलमध्ये पाडावा लागतो. तिथे कुणी कुणाला काही देत नाही.

त्या रविवारी भाऊ "दिला" म्हणाला, तर ही म्हणाली, "नको, पाडते." चुकला. पुढच्या होलवरही चुकला. बघता बघता तिचा हँडिकॅप एकवीसवर गेला.

"अगं, लोकांचा उतरतो, तुझा चढतोय," भाऊ म्हणाला. "ताप आलाय का त्याला?"

"ताप आधीपासूनच होता, दादा. थर्मामीटर आत्ता लावला."

मग आमचा खरा सराव सुरू झाला. दुकान उघडण्याआधी ती काउंटरपुढे जाजम अंथरायची. चष्म्याचे दोन डबे ठेवायची, मी मधून जेमतेम जाईन एवढे अंतर सोडून. डबा हलला की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी मैदानावर होलभोवती चेंडूंचे रिंगण मांडायची. एक चुकला की सगळे रिंगण नव्याने. शेवटी लांबचे चेंडू, होलकडे न बघता, जोर किती लागतो ते हाताला कळावे म्हणून. शेजारची मंडळी लांब फटके हाणून एकमेकांची पाठ थोपटायची आणि होती तेवढीच कच्ची घरी जायची. आमच्यासाठी कुणी टाळी वाजवली नाही. ती चिडायची, मला शिव्या घालायची. पण एकदाही फेकले नाही.

आकडा उतरायला लागला. अठरा, मग चौदा, मग अकरा. मोसम तोंडावर आला तेव्हा फळ्यावर ती भावाच्या पुढे होती. भाऊ कुरकुरला, म्हणून कप्तानाने दोघांना एकत्र खेळवले. जिंकेल त्याची जागा. हँडिकॅपची सवलत कुणालाच नाही.

शेवटच्या होलवर बरोबरी होती. दोघांचेही चेंडू हातभर अंतरावर, भावाचा किंचित लांब.

"तू माझा दे, मी तुझा देतो," भाऊ म्हणाला. "बरोबरी झाली म्हणू. पुन्हा कधीतरी खेळू."

"नको दादा. एवढासा तर आहे, पाड ना."

बघायला आलेला वकील उगाच खोकला. भाऊ चेंडूपाशी उभा राहिला. कैक वर्षांत हा फटका त्याने मारलाच नव्हता. त्याने ढकलला, चेंडू काठाला चाटून बाहेर गेला.

आता आम्ही. तिची बोटे माझ्या मुठीवर सैल होती. माझ्या तोंडावर टक् वाजले आणि होलच्या तळाशी चेंडू खडखडला. असला आवाज साऱ्या कारखान्यात ऐकला नव्हता मी. वकील आपल्याच मित्राला विसरून टाळ्या पिटत होता. भावाने तिचा चेंडू होलमधून काढला. मग बहिणीजवळ आला.

"जागा तुझी. आणि ही काही मी दिलेली नाही."

"माहितेय," ती म्हणाली, आणि डोळे पुसायला तिला स्वतःचाच चष्मा काढावा लागला.

मित्रांनो, तुमच्या अवजाराला पुसत जा, त्याच्यावर राग काढू नका. आणि कुणी लाडाने तुमचे काम माफ करायला आले, तर सरळ नाही म्हणा. माफ झालेले काम हाताला कधीच येत नाही. शनिवारी संघाचा पहिला सामना आहे. समोरच्यांना माझा निरोप द्या, आम्ही येतोय.