चहाबरोबरची गोळी

"गोळी कशाबरोबर घेता?" डॉक्टर मृणालने विचारलं, आणि सरुबाई गोंधळलीच. आमलीतल्या या दवाखान्यात ती वर्षभर येत होती, पण हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. ही डॉक्टरीण नवी.

"सकाळी खाली पेटच घेते ना. मालक देता हातात. चहासंगती."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. समोर थायरॉइडचा रिपोर्ट होता. टीएसएच सोळा. पन्नासची गोळी पंच्याहत्तरची झाली, पंच्याहत्तरची शंभरची झाली, तरी आकडा उतरायचं नाव घेत नव्हता. मग तिने नीट समजावलं. हा आकडा चढलेला म्हणजे अंगात थायरॉइड कमी पडतंय, आणि पडणारच, कारण दुधाचा चहा गोळी अंगी लागू देत नाही. डोस वाढवायचा नाही. गोळी नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, चहा तासाभराने. दीड महिन्याने पुन्हा रक्त तपासायचं.

सरुबाईला सगळं पटलं. अडचण निराळीच होती.

तिचा नवरा सुकदेव जवळच्या सायली गावातल्या धाग्याच्या कंपनीत मशीनवर होता. शिरपूरकडून इथे येऊन बिऱ्हाड मांडलं, अठ्ठावीस वर्षं संसार झाला, पण हा गडी कधी गॅसकडे फिरकला नाही. आंघोळीचं पाणी काढलेलं हवं, ताट वाढलेलं हवं, असा सगळा थाट. पण सरुबाईचं तोंड सुजायला लागलं, केस मूठमूठ हातात यायला लागले, भाकरी थापता थापता तिला पेंग यायला लागली, तेव्हा हाच माणूस सहाच्या आत उठून चहा टाकायला लागला. गोडमिट्ट आणि निम्मा उतू गेलेला. बशीच्या कडेला गोळी ठेवायचा, आणि तिने गिळल्याशिवाय स्वतः घोट घ्यायचा नाही. त्या चहाच्या ओढीनेच ती सकाळी डोळे उघडायची. आता तुमच्या चहानेच माझं दुखणं लांबवलं, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचं? मनाला लावून घेणारा माणूस. उद्यापासून गॅसला हात लावणार नाही.

म्हणून तिने शक्कल काढली. बशीतली गोळी तोंडात टाकल्यासारखं करायचं आणि हळूच कनवटीला लावायची. दुसऱ्या दिवशी पाच वाजता, सुकदेव घोरत असताना, तीच गोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची आणि पांघरूण ओढून झोपेचं सोंग घ्यायचं. सहाला चहा यायचाच.

दीड महिन्यात अंग हलकं झालं, पण छाती उगाच धडधडायला लागली. नवा रिपोर्ट बघून डॉक्टर हसली. औषध आता पुरतं अंगी लागत होतं, त्यामुळे शंभरची गोळी जास्त होत होती. आकडा हवा त्याच्याही खाली गेला होता. तिने पुन्हा पंच्याहत्तरची लिहून दिली.

नवी बाटली घेऊन सरुबाई घरी आली. संध्याकाळी सुकदेव आला, तो बूटही न काढता दाराशीच बसला.

"मी पाह्यलं सकाळी," तो म्हणाला. "गोळी कमरेला खोसली तू." मग खाली बघत, "जीवाला कंटाळली का तू?"

दिवसभर मशीनवर त्याने हेच डोक्यात घोळवलं असणार. सरुबाईने सगळं सांगून टाकलं आणि दोन्ही रिपोर्ट त्याच्या हातात दिले. तो त्या आकड्यांकडे बघत राहिला.

"म्हणजे वरीसभर मीच तुझं औषध वाया घालू राहिलो होतो."

"तुम्ही चहा दिला नसता तर मी उठलेच नसते," सरुबाई म्हणाली. इतकं उघड ती त्याच्याशी कधी बोलली नव्हती. लाज वाटून ती पीठ मळायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी पाचला तिने डोळे उघडले, तर सुकदेव पाण्याचा पेला घेऊन उभा. नवी गोळी त्याच्या तळहातावर. तिने त्याला परत झोपायला सांगितलं, कंपनीची बस साडेसहाला होती. त्याने ऐकलं नाही. गोळी आपल्याच हाताने द्यायची, आणि ती चहा घेईपर्यंत आपणही घ्यायचा नाही, असं त्याने ठरवून टाकलं होतं. मग दोघं अंथरुणावरच समोरासमोर बसली. चहाला अजून तास होता. इतक्या वर्षांत अशी रिकाम्या हातांनी बसायची ही पहिलीच वेळ.