गुलाबी पाण्यातला लेप

मित्रांनो, नवी मुंबईत महाप्याच्या एका शेडमधल्या ड्रॉवरमध्ये पडून असलेला मी एक जुना लेप आहे. नखाएवढ्या काचेवरचा कोबाल्टचा डाग म्हणालात तरी चालेल.

माझा जन्म पाण्यातला. शेडमध्ये संशोधन करणाऱ्या नंदिनीताईंनी पाण्यात कोबाल्टचा क्षार विरघळवला, वीज वाहू देणारी काच बुडवली, वीज सोडली आणि मी काचेवर साचत गेलो. पाण्यातून प्राणवायू मोकळा करणं हे माझं काम. समोरच्या पट्टीवर हायड्रोजन निघे. कौतुक त्याचंच जास्त, कारण तो जळतो!

काम करताना मी झिजायचो. माझे कण पाण्यात सुटायचे आणि विजेच्या ओढीने परत माझ्यावर येऊन बसायचे. "याचं काही करावं लागत नाही, हा आपला आपण बरा होतो," ताई अभिमानाने सांगत. मित्रांनो, असं कौतुक झालं की समजावं, आता आपल्याकडे कुणी बघणार नाही. ताईंचं तरी काय वेगळं होतं? आजारी वडील, घर, शेड. लोक म्हणत, "नंदिनी ना? ती करते मॅनेज."

वर्षभर न बदलता चाललेला लेप बघायला दसऱ्यानंतर कामाला पैसे देणारे पाहुणे येणार होते. त्यांना पटलं तरच ताईंचं काम पुढे चालणार होतं.

खंडेनवमीला शेडचे मालक दिनानाथ सर यांनी पूजेसाठी सगळी यंत्रं बंद केली. ताई कळंबोलीला वडिलांपाशी होत्या. वीज थांबली तसा मी पाण्यात विरघळू लागलो. पाणी फिकट गुलाबी झालं. मी घाबरलो नाही. वीज आली की त्यातूनच परतणार होतो.

दसऱ्याला सकाळी सरांनी माझं भांडं मोरीत उपडं केलं, घासलं, फिल्टरचं पाणी भरलं. काचेवर माझा नुसता डाग उरला. वर झेंडूची माळ घातली आणि मनोभावे हात जोडले.

दुसऱ्या दिवशी ताई आल्या.

"सर, यातलं पाणी?"

"ओतलं ना. गुलाबी पडलेलं, किती घाण! पूजेला तसंच ठेवायचं?"

"त्या पाण्यातच तो होता, सर."

"मग टाक की थोडं कोबाल्ट. नवा बनव. पाहुण्यांना कुठे ओळखू येतोय?"

"मला येतो ना."

ताईंनी पाहुण्यांना खरं ते सांगितलं. पाहुणे चहा पिऊन गेले. काम बंद झालं.

शेवटच्या दिवशी मला कागदात गुंडाळताना सरांनी विचारलं, "नंदिनी, ठीक आहेस ना?"

"हो सर, मी ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि भांड्यावरची सुकलेली माळ उतरवत राहिल्या.

मित्रांनो, आपला आपण बरा होणारा कुणी तुमच्याही घरात असेल. 'ठीक आहेस ना' एवढं विचारून निघू नका, तो हो म्हणणारच. तो कोणत्या पाण्यावर जगतो ते बघा. आणि ते पाणी तेवढं ओतू नका.