बुडवलेला भाऊ

चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली होती त्यांनी. एखादी ओळ गळलेली दिसली की अख्खा छापखाना डोक्यावर घ्यायचे. लोक पाठीमागे ‘भिंगवाले’ म्हणायचे आणि समोर चळाचळा कापायचे. आणि अशा माणसाने घरी आरामात खुर्चीत बसून एका धडधाकट तरुणाला बुडवून मारावं? काय म्हणावं आता!

तरुण कादंबरीतला होता, एवढंच काय ते बरं.

त्याचं असं झालं. तीन वर्षांपूर्वी बायकोची नजर गेली. उजेड-अंधार तेवढा कळायचा. बाई वाचनवेडी, म्हणून भिंगवाल्यांनी शब्द दिला, रोज दुपारी मी वाचून दाखवीन. दाखवलंही. पण जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं निवडून वाचनाचा वीट आलेला, त्यात ती दीपगृहाची कादंबरी सहाशे पानांची! दीपगृहवाल्याचा धाकटा भाऊ बोटीवर निघून जातो आणि पुढची दीडशे पानं नुसतं पाणीच पाणी. भिंगवाल्यांच्या अगदी जिवावर आलं. एका दुपारी त्यांनी चष्मा पुसला आणि पुस्तकात नसलेलं वाक्य खणखणीत वाचलं, “बोट उलटली. धाकटा पुन्हा कुणाला दिसला नाही.” मग दीडशे पानं ओलांडून पुढे सुरू.

बायको रडली हो! दोन दिवस धड जेवली नाही. “असा कसा गेला, सगळ्यांना एवढा जीव लावून?” म्हणत राहिली. तेव्हाच बोलून मोकळं व्हायचं, तर यांची जीभ उचलेना. बरं, तो भाऊ पुढे परत येतो, लग्न करतो, भांडतो. पानापानावर त्याला गाळता गाळता भिंगवाल्यांना घाम फुटायचा. दीडशे पानं वाचली असती तर कमी त्रास झाला असता.

मग लेकीने आईच्या फोनवर पॉडकास्ट लावून दिले आणि बाईला जणू नवं घर मिळालं. मटार सोलताना बागकामाच्या गप्पा, कपड्यांच्या घड्या घालताना दोन निवृत्त नर्सबाईंचे किस्से. जेवताना आता तीच बोलायची, आज काय ऐकलं ते. “हातांना काम आणि कानांना सोबत,” ती लेकीला म्हणाली. “थांब म्हटलं की थांबतं, परत सांग म्हटलं की सांगतं. कुणाच्या कपाळाला आठ्या नाहीत.” आठ्या दिसत नसल्या तरी आवाजात ऐकू येत होत्या म्हणजे! भिंगवाल्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

आणि एक दिवस ती टुणकन उठून बसली. “अहो, आपली दीपगृहाची कादंबरी वाचतेय एक बाई! रोज एक भाग.”

भिंगवाले घाईघाईने म्हणाले, “झालीय की आपली वाचून.”

“असू दे. धाकट्यासाठी पुन्हा एकदा रडायचंय मला.”

त्या दिवसापासून भिंगवाले भाग मोजू लागले. बोट कितव्या भागात निघणार, याचा हिशेब डोक्यात चालू. एका सकाळी तर ते फोन चार्जिंगला लावायचं ‘विसरले’. दुपारी बंद फोन मांडीवर घेऊन ती नुसती बसून राहिली, एका शब्दाने कुरकुरली नाही. स्वतःच्या कोतेपणाची एवढी लाज वाटली त्यांना, की गुपचूप वायर लावून आले. उद्या चहाच्या वेळी सांगून टाकू, असं रोज ठरवायचे. रोज चहा व्हायचा.

एकोणिसावा भाग लागला तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारातच उभे होते. शेंगा सोलणारे तिचे हात थांबले. तिने तेवढंच मागे नेऊन पुन्हा ऐकलं. मग चेहरा असा फुलला म्हणता! “अहो, जिवंत आहे तो! पहिल्याच बंदरावर उतरलाय!”

आणि मग हळूहळू तो चेहरा उतरत गेला. बाई काही खुळी नव्हती.

“मीच बुडवला,” भिंगवाले म्हणाले. “कंटाळा आला होता.”

“मग तसं सांगायचंत. मी थांबले असते ना.”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिला दिसणार नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली. धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं त्यांना.

चार दिवसांनी तिच्या थोरल्या बहिणीचं पत्र आलं. तिला फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ती अजून पत्रं लिहिते. ही पत्रं मात्र भिंगवाले पहिल्यापासून अक्षर न् अक्षर वाचायचे. ‘तुझा नवरा अजून तसाच खडूस आहे का?’ हेसुद्धा त्यांनी आवाज न बदलता वाचलं होतं. आताही ते पाकीट घेऊन, चष्मा लावून, तिच्याजवळ खुर्ची ओढून बसले.

तिने हात पुढे केला, पाकीट चाचपून घेतलं आणि पदराखाली ठेवलं.

“शनिवारी लेक येईल. ती वाचेल.”

“अगं, ताईंच्या पत्रातला एक शब्द मी कधी गाळला नाही. तुझी शप्पथ!”

“नसेल हो गाळला,” ती म्हणाली. “पण मला कसं कळणार?”