डोळा फुटतो का?

“ह्याला डोळा हाय म्हणता?” संस्थेचे अध्यक्ष शिवप्पाअण्णा यांनी फोटो उलटा धरला होता.

“डोळा नाही राहिला, अण्णा. कवचावरचा हा उंचवटा राहिला. त्याच्या आत डोळा होता,” सत्यशीला म्हणाली.

मोहरीएवढा जीव, खेकड्याच्या लांबच्या भावकीतला, दोन शिंपल्यांत राहणारा. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात त्याचा दगड झालेला. सत्यशीलानं त्याच्यावर पीएचडी केली आणि देगलूरच्या या कॉलेजात तासिकेवर शिकवत उमेदीची वर्षं घालवली. आज परमनंट जागेची मुलाखत होती. मुलाखत कसली, साखरपुडा उरकून मुलगी बघायला येणं ते. जागा सचिवांच्या जावयाची, मृत्युंजयची, हे शिपायालाही ठाऊक होतं. तरी ती आली. न येती, तर ‘बाई आल्याच न्हाईत’ म्हणायला हे मोकळे.

अण्णा ऊसवाले. म्हणाले, “आमच्या उसाला डोळा असतो. लावला की फुटतो. तुमच्या किड्याचा फुटतो का ओ, बाई?”

समिती खदाखदा हसली. बाहेरून आलेले तज्ज्ञ सगळ्यांत मोठ्यानं.

सत्यशीलाच्या तोंडून पुस्तकी भाषा गळून पडली. “फुटतो की. ह्याची भावकी आजबी हाय. तळ्यातल्याला डोळा हाय. जुन्या विहिरीच्या झऱ्यात, अंधारात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्याचा गेला. उजेडच न्हाई, तर डोळा पोसायचा कशाला? शिंगांनी चाचपून राहतंय.”

“म्हंजे आंधळं?”

“हाव. पण खाऊनपिऊन मजेत.”

अण्णांनी फोटो टेबलावर पालथा टाकला.

“या तुम्ही,” अण्णा म्हणाले.

चहा निवायच्या आत निकाल लागला. मृत्युंजय.

दुपारी तोच प्रयोगशाळेत आला. “ताई, प्रॅक्टिकल आता मला घ्यायचंय. ते डोळ्याचं जरा दाखवता का? आम्हाला कुणी शिकवलंच न्हाई.”

त्याच्या आवाजात माज नव्हता. असता, तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं तो मोहरीएवढा दगड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. तो वाकला. “काहीच दिसून न्हाई राहिलं.”

“खालचा उजेड बंद करा. बाजूनं पाहिजे. सावली पडली की उंचवटा कळतो.” तिनं टेबलावरचा दिवा तिरका केला. दिव्याची मान ढिली होती. सोडला की पडायचा.

“हां! दिसला! लई भारी हाय ओ, ताई!”

तो बघतच राहिला. दिव्याची टोपी तापत गेली. सत्यशीलानं हात बदलला, दिवा सोडला नाही.