निळे जाईपर्यंत

मित्रांनो, मी एक जुना स्क्रूड्रायव्हर आहे, आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, तुमच्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. घड्याळाच्या पट्ट्यातला स्क्रू तुमच्यापैकी किती जणांनी सुरीच्या टोकाने फिरवून पाहिला आहे, ते मला चांगले माहीत आहे. कोणी नेलकटरमधली कानस वापरली, कोणी दाभण, आणि एका शहाण्याने तर चमच्याची दांडी घासून घेतली होती. मग स्क्रूच्या डोक्यावरची खाच गुळगुळीत झाली की तोंड पाडून दुकानात यायचे आणि म्हणायचे, "काय माहीत, आपोआपच झालं." आपोआप काही होत नसते. नीट बसा आणि ऐका.

माझी उंची तुमच्या करंगळीपेक्षा थोडी जास्त. अंग पितळेचे, डोक्यावर फिरती टोपी आणि टोपीखाली लाल कडे. टोपीवर एक बोट टेकवायचे आणि दोन बोटांनी मला फिरवायचे, एवढे साधे काम. पाते पोलादाचे. आम्ही नऊ भाऊ एका लाकडी ठोकळ्यात उभे असायचो. प्रत्येकाच्या कड्याचा रंग वेगळा, कारण रंगावरून पात्याची रुंदी कळते. फक्त रुंदी, आणि लोक तिथेच फसतात. रंग जुळला म्हणजे झाले, असे त्यांना वाटते. अहो, खाचेला जाडीसुद्धा जुळावी लागते. पाते पातळ असले तर ते खाचेत डुगडुगते आणि खाचेच्या कडा खाते. जाड असले तर आत उतरतच नाही, वरच्यावर बसते आणि जोर लावला की सटकते. सटकले की पट्ट्याच्या शेजारच्या चकचकीत कडीवरून सर्रकन निघून जाते. त्याच्या मागे जी रेघ राहते, तिला ओरखडा म्हणतात. ज्याने केला त्याला तो दिसत नाही, बाकी सगळ्यांना दिसतो.

हे सगळे ज्यांना कळत होते ते आमचे घड्याळजी. त्यांचे दुकान एका अरुंद रस्त्याच्या कोपऱ्यावर होते. पुढे काचेचा काउंटर, मागे खिडकीशी छातीएवढे उंच टेबल, त्या टेबलाशी एकच खुर्ची, आणि पाठीमागे राहायच्या खोल्या. मला आणले त्याच आठवड्यात त्यांनी मला तेलाच्या दगडावर घासायला घेतले. त्यांच्या मनगटावर स्टीलच्या पट्ट्याचे एक घड्याळ असे. त्या पट्ट्याच्या स्क्रूसाठी त्यांना मी हवा होतो. चार वेळा घासायचे, एकदा भिंगातून बघायचे, पुन्हा चार वेळा घासायचे. शेवटी त्यांनी मला खाचेत ठेवून हात काढून घेतला आणि मी ताठ उभा राहिलो. त्या दिवशी ते माझ्याकडे बघून हसले होते. मला उगाच कौतुक आवडत नाही, पण ते हसणे माझ्या लक्षात आहे.

दुकानाचा एक नियम होता. आधी पाते बघायचे, मग खाच बघायची, मग हात लावायचा. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय आमच्यापैकी कोणाला उचलायचे नाही. घड्याळजींनी हा नियम आपल्या दोन्ही मुलांना इतक्या वेळा ऐकवला होता की आम्हा नऊ भावांनासुद्धा तो पाठ झाला होता.

थोरली मुलगी, तिला घरात सगळे ताई म्हणत. पन्नाशीला आलेली, बोलायला कमी, हाताला हलकी. ती मला उचलायची तेव्हा मला उचलल्याचे कळायचेही नाही. दुसरा तिच्याहून सहा वर्षांनी धाकटा. त्याला मी चिरंजीव म्हणतो, कारण त्याचे लाड त्याच भाषेत झाले होते. चिरंजीव काउंटरवर बसे. गिऱ्हाइकांशी गोड बोलावे ते त्यानेच, आणि दोन दिवसांत देतो म्हणून ताईच्या डोक्यावर सहा दिवसांचे काम टाकावे तेही त्यानेच. हाताने घासायचा त्याला कंटाळा. मागच्या पडवीत त्याने मोटरवर फिरणारे एक चाक बसवले होते आणि काहीही असो, तो ते चाकावर धरायचा. ताई त्या चाकाच्या वाऱ्यालाही उभी राहत नसे.

पुढे घड्याळजी आजारी पडले. त्यांच्या हाताला कंप सुटला. एके सकाळी ते म्हणाले की आता या खुर्चीवर माझे काम नाही, महिनाअखेरीस दोघांपैकी एकाला बसवतो. खुर्ची ताईची, हे आम्हा स्क्रूड्रायव्हरांनाही ठाऊक होते. पण चिरंजीवांच्या मनात वेगळेच. खुर्चीवर बसणारा तो दुकानाचा घड्याळजी, आणि काउंटरवरचा तो त्याचा मदतनीस, हे त्याला सहन होत नव्हते. त्याने ताईच्या डोळ्यांवर बोलायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "ताईला चष्मा लागून किती वर्षं झाली. बारीक काम दिसतं का, एकदा विचारून बघा." ताई उत्तर देत नसे. मी दिले असते. आमच्या ठोकळ्यात एवढा राग उभा होता की लाकडाला चीर कशी गेली नाही, याचे मला नवल वाटते.

आणि त्याच दिवसांत त्याने माझा घात केला. भिंतीवरच्या घड्याळात एक सेल फुगून अडकला होता. चिरंजीवांना घाई. हाताशी आलो मी. ना पाते बघितले, ना भिंग लावले, मला सेलच्या खाली घुसवले आणि कांब असल्यासारखा वर दाबला. माझ्या टोकाचा एक कोपरा टचकन उडाला. इतपत चुकू शकते, मी मान्य करतो. माणसाच्या हातून मोडतोड होते. त्याने तेव्हाच ताईला हाक मारून सांगितले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती, आणि मीही इतका कडू झालो नसतो.

पण तो मला घेऊन पडवीत गेला. चाक सुरू केले. ठिणग्या उडाल्या, माझे टोक तापून निळे पडले आणि पोलादाचे पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरले. पाते सरळ होते, ते पाचरीसारखे झाले. मग त्याने पॉलिशच्या फडक्याने मला असा चमकवला की मी पूर्वीपेक्षाही देखणा दिसू लागलो. निळसर झाक फक्त पात्याच्या खांद्याशी राहिली, तीही भिंगातूनच दिसावी इतकी. आणि त्याने मला गुपचूप माझ्या जागी उभे केले. मित्रांनो, मोडण्यापेक्षा हे वाईट होते. मी आतून निकामी झालो होतो आणि वरून लाल कडे मिरवत भावांमध्ये उभा होतो.

चार दिवसांनी घड्याळजींनी आपले घड्याळ काढून ताईपुढे ठेवले. मनगट इतके वाळले होते की पट्टा कोपरापर्यंत जायचा, आणि हात खाली सोडला की निसटून पडायचा. "दोन कड्या काढ," ते म्हणाले. ताई खुर्चीवर बसली. घड्याळजी तिच्या पाठीमागे उभे. चिरंजीव काउंटर सोडून मुद्दाम बघायला आले होते. इतकी वर्षे ज्या घड्याळावर एक रेघ उमटली नाही, ते घड्याळ आणि ती खुर्ची. आज काय ठरायचे आहे, हे तिघांनाही कळत होते.

ताईने पट्टा गरम हवेवर धरला, म्हणजे स्क्रूला लावलेला डिंक सैल होतो. खाच भिंगातून बघितली. मग माझे लाल कडे बघून तिने मला सरळ उचलले. माझे पाते तिने बघितले नाही. मी तिच्या बोटांत जीव तोडून आडवा होऊ पाहत होतो, पण आमच्यासारख्यांना कोण विचारतो. तिने मला खाचेत ठेवले, बोट टेकवले आणि फिरवले. पाचर वर चढली. मी सटकलो आणि कडीवरून लांब गेलो. तो आवाज अजून माझ्या कानात आहे, म्हणजे मला कान असते तर असता.

ओरखडा नखाएवढा लांब होता, आणि स्क्रूच्या खाचेची एक कड मुडपली होती. मग चिरंजीव हळूच म्हणाले, "मी सांगत होतो ना बाबा. दिसत नाही तिला."

ताईने भिंग उतरवून टेबलावर ठेवले. ओरखड्याकडे बघून तिलाही ते खरे वाटू लागले, हे मला दिसत होते. ती म्हणाली, "बाबा, खुर्ची त्याला द्या. मी काउंटर बघते."

तो उभा होता, मित्रांनो. त्याला माहीत होते, आणि तो उभा होता. त्याच्या तळहातात घुसण्याइतके टोक तेव्हा माझ्याकडे असते तर मी मागेपुढे पाहिले नसते.

घड्याळजींनी ओरखड्याकडे बघितलेच नाही. त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "पातं दाखव." त्यांचा हात कापत होता, पण डोळे शाबूत होते. भिंग लावून त्यांनी मला खिडकीच्या उजेडात फिरवले. मग टोक अंगठ्याच्या नखावर टेकवले. चांगले पाते नखावर थांबते. मी घसरलो. त्यांनी पुन्हा टेकवले. मी पुन्हा घसरलो. मग चिरंजीवाकडे न बघता म्हणाले, "दगड आण."

चिरंजीव गेला आणि तेलाचा दगड घेऊन आला. कशाला हवा, हे त्याने विचारले नाही. घड्याळजींना जे कळायचे ते तेवढ्यावरून कळले, आणि ताईलाही.

त्यांनी त्याला स्टुलावर बसवले आणि मला त्याच्या हातात दिले. "हाताने घास," ते म्हणाले. "निळं जाईपर्यंत." एवढेच. रागावणे नाही, आरडाओरडा नाही. मला मात्र तो आरडाओरडा हवा होता. ती सगळी दुपार चिरंजीव घासत बसला. चार वेळा घासायचे, एकदा भिंगातून बघायचे. त्याची बोटे काळी झाली, पाठ आखडली, दोनदा पाते तिरके गेले आणि दोनदा घड्याळजींनी पहिल्यापासून सुरुवात करायला लावली. गिऱ्हाईक आले तर ताई उठून बघत होती. मी दर फेरीला थोडा आखूड होत होतो. माझ्या अंगातले पोलाद त्याच्या खोटेपणापायी दगडावर चालले होते, याचे वाईट त्या तिघांपैकी कोणाला वाटले असेल, असे मला वाटत नाही.

उजेड कलता कलता घड्याळजींनी मला नखावर टेकवले. मी थांबलो. मग त्यांनी मला ताईपुढे ठेवले आणि म्हणाले, "खुर्ची तुझीच आहे. पण तूही बघितलं नाहीस."

ताई म्हणाली, "तुमच्या हातचं पातं होतं, म्हणून नाही बघितलं."

"माझंही बघायचं," ते म्हणाले.

तिने बघितले. पाते, मग खाच, मग हात. खाचेची एकच कड शाबूत होती, तिच्यावर तिने मला तोलून धरले आणि स्क्रू हलला. दोन्ही कड्या निघाल्या. घड्याळ मनगटावर नीट बसले. ताई म्हणाली की ओरखडा घासून काढते, पाच मिनिटांचे काम आहे. घड्याळजींनी हात मागे घेतला. "तो राहू दे," ते म्हणाले. "हे घड्याळ त्याला जायचं आहे."

चिरंजीवाने मान खाली घातली. मला त्याची दया आली नाही.

घड्याळजी ते घड्याळ घालून आणखी अडीच महिने जगले. खुर्चीवर ताई बसली, आणि घड्याळ ओरखड्यासकट चिरंजीवांना मिळाले. त्याचे मनगट जाडजूड, त्याला पट्टा लागेना. बरेच दिवस ते घड्याळ त्याच्या खिशातच होते. एके दुपारी दुकानात कोणी नसताना तो टेबलाशी आला आणि त्याने घड्याळ ताईपुढे ठेवले. ताईने औषधाच्या एका रिकाम्या डबीतून त्या दोन कड्या काढल्या. त्या तिने जपून ठेवल्या होत्या. मग ती खुर्चीवरून उठली, भिंग आणि मला त्याच्यापुढे सरकवले आणि काउंटरवर जाऊन उभी राहिली.

तो खुर्चीच्या कडेला टेकला. भिंग लावले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने मला उजेडात धरून माझे पाते बघितले. नखावर टेकवले. खाच बघितली, ओरखडाही बघितला, तो बराच वेळ. मग हात लावला. मी त्याला माफ केलेले नाही आणि करणारही नाही. पण मी घसरलो नाही.

तर मित्रांनो, घरी जाऊन सुऱ्या जागेवर ठेवा. खाचेपेक्षा पातळ पाते घेऊ नका, जाडही घेऊ नका, आणि रंगावर विसंबू नका. आम्हाला जपा वगैरे मी म्हणत नाही, तुमच्याकडून तेवढी अपेक्षा नाही. एकच मागतो. तुमच्या हातून एखादी वस्तू मोडली, तर तिला चमकवून जागेवर ठेवू नका. तशीच मोडकी हातात घेऊन जा आणि सांगा. कारण तुमच्यानंतर ती जो उचलणार आहे, तो तुमच्यावर विश्वास टाकून, न बघता उचलणार आहे.